धेंपोची दहा नंबरची जर्सी, आणि २०१६ मध्ये मालकावर काढलेला राग

डिचोलीकर

मुलगा नऊ वर्षांचा आहे, इथे पुण्यात घराजवळच्या मैदानावर फुटबॉल शिकायला जातो. गेल्या महिन्यात पोरांना जर्सी वाटल्या. दहा नंबरसाठी चौघांत भांडण लागलं, सगळे मेस्सीवाले. ह्याच्या वाट्याला सतरा आला. घरी येऊन तोंड फुगवून बसला. त्याची समजूत काढता काढता मी बोलून गेलो, "अरे, आमच्या क्लबात तर दहा नंबर काढून ठेवलाय." "कुणासाठी?" त्याने विचारलं. मग त्या रात्री आम्ही बापलेक बराच वेळ जागे होतो.

५ डिसेंबर २००४, रविवार. मी तेव्हा बारावीला होतो. बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाची अंतिम लढत, आमचा गोव्याचा धेंपो क्लब विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. आम्ही २-० ने जिंकलो आणि दोन्ही गोल ख्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना समोरच्या गोलरक्षकाशी धडक झाली, तो पडला आणि पुन्हा उठलाच नाही. पंचविशीतला ब्राझीलचा पोरगा. आदल्या मोसमात ईस्ट बंगालला लीग जिंकून दिली होती, आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं.

बाबा अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत होते. शेजाऱ्यांनी कुंपणावरूनच बातमी सांगितली. बाबांच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता, तो तसाच बोटांत धरून ते पायरीवर बसून राहिले. आई दिवा लावायला बाहेर आली तरी उठले नाहीत. बाबा खाणीवर डंपर चालवायचे. फुटबॉल सोडला तर दुसरा शौक नाही. धेंपोचं मूळही डिचोलीचंच, असं आमच्याकडची जुनी माणसं अभिमानाने सांगतात, त्यामुळे तो क्लब म्हणजे घरचाच.

क्लबाने दहा नंबर निवृत्त केला, आणि त्याच मोसमात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

आता दुसरी गोष्ट. २०१४-१५ मध्ये आम्ही आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरलो. २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून पोरांनी हक्काने जागा परत मिळवली. आणि त्याच वर्षी मालकांनी संघ राष्ट्रीय लीगमधून काढून घेतला. साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांनीही तेच केलं. त्या रात्री मालक श्रीनिवास धेंपो यांच्याबद्दल मी जे बोललो ते आज आठवलं की वाईट वाटतं. २००९ मध्ये खाण सेसा गोवा कंपनीला विकली, आता फुटबॉलही विकतील, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. बाबा एवढंच म्हणाले, "क्लब बंद करूंक ना रे, घरा हाडला." बंद नाही केला, घरी आणला.

तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं. आता पटतं. क्लब खरोखरच बंद पडला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, जुने गोव्याजवळ एला इथल्या मैदानावर पोरं घडत राहिली, आणि २०२४-२५ ला धेंपो आय-लीगमध्ये परत आला. बाकावर प्रशिक्षक म्हणून कोण, तर समीर नाईक, आमचा जुना कप्तान. तो पहिला सामना बघताना बाबांची फार आठवण आली.

तर विचारायचंय ते असं. मालकाबद्दलचं तुमचं मत गेल्या दहा वर्षांत बदललं का? आणि एक नंबर काढून ठेवला म्हणजे जुन्या खेळाडूंचा मान राखला, असं म्हणता येईल का?

फातोर्डा_पूर्व

धागा काढलात, बरं केलंत. पण माझा राग अजून गेलेला नाही आणि का गेला नाही ते सांगतो.

आय-लीग २००७-०८ ला सुरू झाली. पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. १५ लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य सहा वर्षं सलग देशाला हरवत होतं. २००८ मध्ये धेंपो आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत गेला, तोवर तिथे कुठलाही भारतीय क्लब पोचला नव्हता. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंचा तो संघ मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, पुढे बेटो आणि रँटी मार्टिन्स. आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत सगळं ओसाड.

मान्य, भारतीय फुटबॉल महासंघाची योजनाच चुकीची होती. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, वर, आय-लीग खाली, आणि खालून वर जायला वाट नाही. मैदानावर जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचं कशाला, हा मालकांचा प्रश्न रास्त होता. पण निषेध मालकांनी केला आणि त्याची किंमत मोजली कुणी? जी पोरं दुसरी श्रेणी जिंकून आली त्यांनी. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षं सात-आठ असतात. त्यातली दोन गेली की संपलं. त्यांना कुणी विचारलं होतं का?

शिवाय २०१४ मध्ये आयएसएलमधला एफसी गोवा उभा राहिला तेव्हा व्हिडिओकॉनच्या जोडीला धेंपो आणि साळगावकर हेच मालक होते. म्हणजे ज्या लीगला पुढे विरोध केला त्या लीगच्या दारातून आधी स्वतःच आत गेले होते. हे विसरून कसं चालेल?

दहा नंबरबद्दल मात्र बोलणार नाही. तो दिवस मलाही आठवतो.

कूपरेज_गेट

मुंबईकर म्हणून लिहितो. तुम्हाला रागावण्यासाठी तरी क्लब उरलाय, एवढं ध्यानात घ्या.

२००५-०६ ला मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक दोन्ही जिंकले. प्रशिक्षक तुमच्याच गोव्याचे, डेरिक परेरा. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून मी ते वर्ष काढलंय. शेवटची लोकल चुकली तर चर्चगेटला पहाटेपर्यंत बसायचो आणि त्याचंही काही वाटायचं नाही. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि शाळांच्या स्पर्धेकडे वळली. तेव्हा वर्तमानपत्रांत कौतुकही आलं, की तळागाळात काम करणार. शाळांत काम झालंही असेल, त्याला मी नावं ठेवत नाही. पण लाल जर्सीतल्या त्या विजेत्या संघाची आठवण म्हणून मुंबईत एक पाटीही मला कधी दिसली नाही. संघ गेला की त्याच्याबरोबर त्याचे खेळाडूही पुसले जातात. मुंबई एफसी २०१७ ला गेला, पुण्याचा पुणे एफसी २०१५ ला गेला. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता, हे आज पुण्यात किती जणांना ठाऊक आहे?

डिचोलीकर, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. मालक चांगला की वाईट हे मी आता जिंकण्या-हरण्यावरून ठरवत नाही. नुकसान सोसायची वेळ आली तेव्हा त्याने क्लबाचं नाव जिवंत ठेवलं की पुसलं, तेवढंच बघतो. त्या हिशेबाने तुमचे मालक पास आहेत.

नेव्हिल डिसूझांचं नाव वांद्र्याच्या मैदानाला आहे, तेवढाच आधार. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर त्यांनी तीन गोल केले, आपण ४-२ ने जिंकलो आणि अखेर चौथे आलो. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू आपल्या मुंबईचा. त्या मैदानावर आज खेळणाऱ्या पोरांना विचारून बघा, पाटीवरचं नाव कुणाचं.

डिचोलीकर

@फातोर्डा_पूर्व, त्या पोरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाबांचा मुद्दा पटला तरी त्या पोरांची वर्षं परत येत नाहीत.

पण एक गोष्ट पुढे घडली. २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द आयएसएलच थांबवून ठेवावी लागली, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. एवढे मोठे संघ, एवढे खेळाडू, आणि मोसम कधी सुरू होणार हे कुणालाच माहीत नाही. तेव्हा मला २०१६ आठवलं. एका करारावर अख्ख्या देशाचा फुटबॉल टांगून ठेवू नका, हेच तर तेव्हा गोव्याचे क्लब सांगत होते. खालून वर जायची वाट २०२३ ला उघडली, पंजाब वर गेला, पुढच्या वर्षी मोहम्मेडन गेला. हीच वाट २०१६ ला असती तर धेंपो बाहेर पडलाच नसता, असं मला वाटतं.

साॅल्टलेक_मराठी

बावीस वर्षं कोलकात्यात आहे, घर बागानवाल्यांच्या गल्लीत. त्या २००४ च्या सामन्याची दुसरी बाजू सांगतो. इथेही त्या दिवसाबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. बागानचा तो गोलरक्षक सुब्रत पॉल तेव्हा अठराच्या आसपासचा. त्याच्यावर बंदी आली, लोक वाट्टेल ते बोलले. पुढे तोच भारताचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला, २०११ च्या आशिया चषकात त्याने एकट्याने अडवलेले फटके सगळ्यांनी बघितले. पण ख्रिस्तियानोचं नाव निघालं की आजही इथली जुनी माणसं गप्प होतात. तुमच्या क्लबाने दहा नंबर बाजूला ठेवला, त्याला इथेही मान आहे.

मालकाबद्दल मत किती झपाट्याने बदलतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२० मध्ये संजीव गोएंका यांच्या एटीके क्लबाशी बागान जोडला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. १८८९ चा क्लब. १९११ ला बहुतेक अनवाणी पायांनी गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड आणणारा क्लब. त्याच्या नावाआधी दुसऱ्याचं नाव! तीन वर्षं 'एटीके हटवा' हा एकच घोष. संघ जिंकत होता तरीही. गल्लीतले एक आजोबा दूरदर्शन संचावर नाव दिसायचं त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवून सामना बघायचे.

मग १८ मार्च २०२३, आणि तेही तुमच्या गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर. आयएसएलच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला पेनल्टीवर हरवलं आणि गोएंकांनी तिथेच सांगितलं की एटीके जाणार. चषकापेक्षा त्या घोषणेवर लोक जास्त नाचले. आजोबांनी पट्टी काढली, तिचा डिंकाचा डाग अजून काचेवर आहे. कालपर्यंत ज्या माणसाला शिव्या दिल्या त्याचाच जयजयकार. मला ह्यात लोकांचा चंचलपणा दिसत नाही. त्यांची मागणी पहिल्या दिवसापासून एकच होती आणि ती पुरी झाल्यावर त्यांनी मनापासून आभार मानले.

जुन्या खेळाडूंच्या बाबतीत मात्र बागानकडून सगळ्यांनी शिकावं. २९ जुलै हा मोहन बागान दिन, १९११ च्या त्या ११ जणांची आठवण दरवर्षी. त्या दिवशी कुणा एका ज्येष्ठाला मोहन बागान रत्न. पहिला मान २००१ ला शैलेन मन्नांना. २०२३ च्या एप्रिलमध्ये क्लबाच्या दाराला चुनी गोस्वामींचं नाव दिलं, आणि त्याचं उद्घाटन केलं आपल्या सुनील गावस्करांनी. चुनीदा बंगालकडून रणजीही खेळलेले, तेव्हा ते शोभूनच दिसलं. कोलकात्याच्या मैदानावर मराठी माणसाच्या हातून फुटबॉलपटूचा मान झाला, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मडगावची

सगळं वाचून काढलं. दहा नंबर, दाराला नाव, रत्न, हे सगळं मोठ्या खेळाडूंचं. मला बाकीच्यांबद्दल बोलायचंय.

माझे मामा सत्तरच्या दशकात वास्कोत एका कंपनीच्या संघातून खेळायचे, लेफ्ट बॅक. तेव्हा गोव्यात फुटबॉल म्हणजे कंपनीची नोकरी. सकाळी सराव, मग कचेरीत किंवा यार्डात सही, संध्याकाळी तिळक मैदानावर सामना. खनिजाचा पैसा होता, म्हणून संघ होते. मांडवी-जुवारीतून बार्जी भरून माल मुरगावला जायचा आणि त्यातला थोडा पैसा मैदानावर यायचा. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. मालक बदलले, मन बदललं असं आपण म्हणतो, पण आधी झरा आटला होता हेही बघायला हवं. २०१६ चा निर्णय फक्त निषेधातून आला, यावर माझा पुरता विश्वास नाही.

मामांकडे वळते. गुडघा गेला, खेळ सुटला, पण नोकरी होती म्हणून निवृत्तीपर्यंत घर चाललं. त्याबद्दल त्यांच्या तोंडी मालकांचं नाव नेहमी आदरानेच. वय झाल्यावर एकदा म्हणाले, मोठा सामना बघायचाय, मैदानात बसून. मी एका क्लबाच्या कचेरीत गेले. सांगितलं, हे जुने खेळाडू आहेत, उन्हात रांगेत उभं राहवत नाही, एक खुर्ची मिळेल का. टेबलापलीकडच्या तरुणाने विचारलं, "पुरावा?" मामा काठी टेकून उभे होते. त्यांनी खिशातून फोटो काढून पुढे केला. त्याने बघितलाही नाही. मामा मला म्हणाले, "चल बाय, घरी टीव्हीवर बघूया." दोन वर्षांनी गेले.

कुठला क्लब ते सांगणार नाही, नाव घेऊन काही होणार नाही. पण मान म्हणजे मला ती खुर्ची वाटते.

फोटो माझ्याकडे आहे. अकरा जण, मागे सहा उभे, पुढे पाच बसलेले, मधल्याच्या पायाशी बॉल आणि त्यावर खडूने लिहिलेलं साल, अर्धं पुसलेलं. फोटोमागे मामांच्या अक्षरात सात नावं आहेत. चारांची नाहीत.

फातोर्डा_पूर्व

मडगावची, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मी मालकाशी भांडत बसलो आणि दारावरचा माणूस विसरलो.

ब्रह्मानंद शंखवाळकरांना २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही फटाके लावले. १९८३-८४ ला गोव्याने एकही गोल न खाता संतोष चषक जिंकला, तेव्हा गोलात तेच होते. कुलासोंना द्रोणाचार्य मिळाला, तोही आनंद मोठा. पण हे दोन्ही मान दिल्लीने दिले. गोव्याच्या मैदानांवर गोव्याच्या खेळाडूंची नावं किती? आमच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमला पंडित नेहरूंचं नाव आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण एखाद्या स्टँडला ब्रह्मानंदांचं, एखाद्याला ब्रुनो कुतिन्होचं नाव द्यायला काय हरकत आहे? ते तर सरकारच्या हातात आहे, त्याला मालक लागत नाही.

आणि हो, खाणींचा तुमचा मुद्दा मान्य. मी मालकाला २०१६ पुरतं माफ केलेलं नाही, पण इतकी वर्षं हिशेब एकाच माणसाच्या नावावर लिहीत होतो, ते चुकलं.

कूपरेज_गेट

तो फोटो इथे लावा. चेहरे दिसतील एवढा मोठा.

डिचोलीकर

हेच लिहायला आलो होतो. घरच्यांची हरकत नसेल तर जरूर लावा. वास्को, दाबोळी, सडा इकडची माणसं इथे आहेत, कुणी ना कुणी ओळखेल.

मुलाला काल मामांची गोष्ट सांगितली. "लेफ्ट बॅकचा नंबर कुठला असतो?" म्हणाला. सांगितलं, पूर्वी तीन असायचा.

मडगावची

लावला आहे. मामी हो म्हणाल्या. मामा मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे, हात मागे बांधलेले. नावं नाहीत ते चौघे असे: मागे डावीकडचा पहिला, उंच, गुडघ्याला पट्टी बांधलेला. त्याच्या शेजारचा. पुढे बसलेल्यांत दोन्ही टोकांचे.

मुरगाव_बंदर

पहिल्यांदाच लिहितो आहे, नेहमी नुसतं वाचतो. पट्टीवाला बघून थांबलो. आमच्या वाड्यावर एक गृहस्थ आहेत, वय ७८, अजून रोज संध्याकाळी पोरांचा बॉल बघायला मैदानाच्या कठड्यावर येऊन बसतात. उंची तीच, उभं राहायची ढबही तीच. रविवारी फोटो मोबाइलवर नेऊन दाखवतो.

मडगावची

वाट बघते. मामीही विचारत असतात.

मुरगाव_बंदर

दाखवला. आधी चष्मा नव्हता, नातीने आणून दिला. मोबाइल हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हांव." म्हणजे मी. तुमच्या मामांना लगेच ओळखलं, त्यांचं नाव मी सांगायच्या आधीच घेतलं. शेजारचा आणि पुढे डावीकडचा ह्यांचीही नावं सांगितली, दोघंही हयात नाहीत. नावं इथे न लिहिता तुम्हाला निरोपात पाठवतो.

पुढच्या रांगेत उजव्या टोकाचा मात्र त्यांना आठवला नाही. एवढंच म्हणाले, की तो एकच मोसम होता, बार्जीवर कामाला होता आणि डाव्या पायाने फार सुंदर मारायचा. कुणाला काही माहीत असेल तर सांगा, मी दर रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.